इमेजजे मॅक्रो: डायलॉगमध्ये वापरणाऱ्याला काय विचारायचं आणि काय नाही?

पानवेल

नमस्कार. इथे प्रयोगशाळेत काम करणारे आणि थोडाफार कोड लिहिणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

मी कृषी महाविद्यालयात वनस्पतिरोगशास्त्र शिकवते. भुईमुगाच्या पानांवर टिक्का रोगाचे ठिपके पडतात. ते किती आणि पानाचा किती भाग व्यापतात, हे मोजायला दोन वर्षांपूर्वी मी इमेजजेचा एक मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणारा छोटा कोड) लिहिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इमेजजे हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९९७ मध्ये सुरू केलेलं, चित्रांवर मोजमाप करायचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याआधी त्यांचंच एनआयएच इमेज १९८७ पासून मॅकिंटॉशवर चालत होतं. आम्ही वापरतो ती फिजी, म्हणजे आत इमेजजेच, बरोबर प्लगइन्सचा मोठा संच बांधून दिलेला.

पद्धत साधी आहे. पानं तोडायची, साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवायची, टिफ फाईल घ्यायची. मॅक्रो चालवला की एक डायलॉग येतो, विद्यार्थी आकडे भरतात, ओके म्हणतात आणि फोल्डरमधली सगळी पानं मोजून निकालाचा तक्ता मिळतो.

त्या डायलॉगमध्ये अकरा रकाने आहेत. त्यातला एक आहे 'किमान आकार', त्यात आधीच १४० भरलेलं. ठिपका यापेक्षा लहान असेल तर मोजायचा नाही, असा त्याचा अर्थ. मी तो लिहिला तेव्हा आम्ही ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० पिक्सेल) स्कॅन करायचो आणि १४० पिक्सेल म्हणजे साधारण १ चौरस मिलिमीटर, हे माझ्या डोक्यात होतं. रकान्यापुढे एकक मी लिहिलंच नव्हतं.

या खरिपात एका विद्यार्थ्याने पानं ६०० डीपीआयवर स्कॅन केली. त्याचा हेतू चांगला होता, जास्त बारकावा मिळेल. १४० तसंच राहिलं. ६०० वर १४० पिक्सेल म्हणजे पाव चौरस मिलिमीटर. मग मातीचे कण, शिरांजवळचे गडद तुकडे, सगळं ठिपके म्हणून मोजलं गेलं. दोन वाणांमधला फरक अचानक मोठा दिसायला लागला, आणि तो फरक वाणांचा नव्हता, स्कॅनरच्या सेटिंगचा होता. हे कळायला तीन आठवडे गेले. स्कॅन जपून ठेवलेले होते म्हणून पुन्हा मोजता आलं, पानं तर कधीच वाळून गेली होती.

त्या मुलाची यात चूक नाही. मी त्याला प्रश्नच अर्धा विचारला होता. म्हणून आता डायलॉग नव्याने लिहायचा आहे. तुम्ही लोक कशा पद्धतीने करता? काय विचारता, काय विचारत नाही? विचारलेलं माणसाला समजलं आहे की नाही, हे कसं पाहता?

(फलनांची, म्हणजे फंक्शन्सची, नावं इथे देवनागरीत लिहू या, मॅक्रोत अर्थात रोमन लिपीतच टाकायची.)

भिंगवाला

ताई, विषय फार महत्त्वाचा आहे. आधी एक विचारतो. तुमच्या मॅक्रोत अ‍ॅनलाइझ पार्टिकल्सच्या (ठिपके शोधून मोजणाऱ्या आज्ञेच्या) ओळीत 'पिक्सेल युनिट्स' ही टिक लावलेली असणार. आहे ना?

विचारण्याचं कारण असं. स्कॅनरच्या टिफ फाईलमध्ये डीपीआय लिहिलेला असतो आणि तो इंचाच्या हिशेबात असला की इमेजजे तो वाचून चित्राला आपोआप इंचांची मोजपट्टी लावतं. अ‍ॅनलाइझ पार्टिकल्समधला आकार चित्राच्या एककात धरला जातो. म्हणजे ती टिक नसती तर तुमच्या १४० चा अर्थ १४० चौरस इंच झाला असता. अख्खा ए-फोर कागदच सुमारे ९७ चौरस इंचांचा असतो. एकही ठिपका मोजला गेला नसता, तक्ता रिकामा आला असता आणि पहिल्याच दिवशी चूक सापडली असती. रिकामा तक्ता माणसाला थांबवतो. पटण्यासारखा दिसणारा चुकीचा आकडा पुढे जाऊ देतो, आणि खरं नुकसान तोच करतो.

यातली अडचण अशी की इमेजजेतच वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी एककं चालतात. पार्श्वभूमी काढायला रोलिंग बॉल वापरलात तर त्याची त्रिज्या पिक्सेलमध्ये. गॉशियन ब्लरचा सिग्मा, म्हणजे चित्र किती धूसर करायचं तो आकडा, पिक्सेलमध्ये, पण 'स्केल्ड युनिट्स' ला टिक केली तर चित्राच्या एककात. अ‍ॅनलाइझ पार्टिकल्सचा आकार चित्राच्या एककाच्या वर्गात. तुमच्या अकरा रकान्यांत हे तिन्ही असतील, तर एकाच चौकटीत एकाखाली एक तीन मोजपट्ट्या बसल्या आहेत आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

मी काय करतो ते सांगतो. माणसाला नेहमी मिलिमीटरमध्ये किंवा मायक्रॉनमध्ये विचारतो, कारण त्याच्या डोक्यात वस्तूचा आकार असतो, पिक्सेल नसतात. पिक्सेलमध्ये बदलायचं काम मॅक्रोचं. गेट-पिक्सेल-साइझने एकक आणि पिक्सेलची रुंदी वाचायची, एकक इंच असेल तर २५.४ ने गुणून सेट-व्हॉक्सेल-साइझने मिलिमीटर लावायचे, मग पुढचं सगळं. डायलॉग-अ‍ॅड-नंबरला लेबल आणि डीफॉल्टशिवाय आणखी तीन गोष्टी देता येतात: दशांश स्थळं, रकान्याची रुंदी आणि एकक. ते एकक रकान्याच्या उजवीकडे दिसतं. पुष्कळ जणांना हे माहीत नसतं आणि ते लेबलमध्येच सगळं कोंबतात.

पानवेल

हो, टिक होती. मीच लावली होती, इंचांच्या भानगडीत पडायला नको म्हणून. म्हणजे एक अडचण टाळायला गेले आणि दुसरी झाकून ठेवली. मिलिमीटरचं पटलं, ते करतेच.

सप्तपर्णी

भिंगवाला यांनी एककाचं सांगितलं, मी क्रमाचं सांगते. इमेजजे मॅक्रोच्या डायलॉगमध्ये माझ्या मते सगळ्यांत धोक्याची जागा ती आहे.

डायलॉगमधून किंमत परत घेताना आपण रकान्याचं नाव सांगत नाही. नुसतं डायलॉग-गेट-नंबर म्हणतो. पहिल्यांदा म्हटलं की पहिला आकडा, दुसऱ्यांदा म्हटलं की दुसरा. आकड्यांची रांग वेगळी, अक्षरांची वेगळी, टिकांची वेगळी, ड्रॉपडाउनची वेगळी. स्लायडर दिसायला निराळा असला तरी त्याची किंमत आकड्यांच्याच रांगेत येते. फोल्डर निवडायचा रकाना अक्षरांच्या रांगेत, म्हणजे तो गेट-स्ट्रिंगने वाचायचा.

आता समजा, डायलॉग नीटनेटका दिसावा म्हणून तुम्ही 'कमाल आकार' हा रकाना 'किमान वर्तुळाकारता' च्या वर नेला आणि खाली वाचण्याच्या ओळी तशाच ठेवल्या. मॅक्रो एका शब्दाने तक्रार करणार नाही. दोन्ही आकडेच आहेत. आमच्याकडे एका मॅक्रोत असंच झालं होतं, ब्लरचा सिग्मा आणि रोलिंग बॉलची त्रिज्या यांची अदलाबदल. ५० चा सिग्मा लागल्यावर चित्र धुकं झालं म्हणून लगेच दिसलं. दोन्ही आकडे जवळपासचे असते तर दिसलं नसतं.

त्यामुळे आमचा नियम असा: अ‍ॅड करणाऱ्या ओळी आणि वाचणाऱ्या ओळी एकाच फलनात, एकाखाली एक, त्याच क्रमाने, आणि मधे दुसरं काहीही नाही. रकाना हलवला तर दोन्हीकडे हलवायचा. आणि वाचून झाल्यावर लगेच सगळ्या किंमती नावासकट लॉग खिडकीत छापायच्या. नव्या डायलॉगची चाचणी घेताना प्रत्येक रकान्यात वेगळा, ओळखू येणारा आकडा भरायचा: ११, २२, ३३, ४४. लॉगमध्ये नाव आणि आकडा जुळला की खात्री. दोन मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

क्यूपाथ या दुसऱ्या चित्र-विश्लेषण सॉफ्टवेअरमध्ये हा त्रास नाही. तिथे ग्रूव्ही स्क्रिप्टमध्ये पॅरामीटरची यादी बनवताना प्रत्येकाला एक किल्ली द्यावी लागते आणि परत घेतानाही तीच किल्ली सांगावी लागते. रकाने कितीही हलवा, किंमत चुकत नाही. मला ती रचना जास्त आवडते.

दूरदेशी

मी जर्मनीत एका इमेजिंग विभागात काम करतो. फिजीची सुरुवात बरीचशी ड्रेस्डेनमधल्या संशोधकांनी केली, त्यामुळे इकडे ती घरोघरी असल्यासारखी आहे.

सप्तपर्णी, नावाने किंमत घ्यायची सोय फिजीतही आहे. स्क्रिप्ट पॅरामीटर. मॅक्रोच्या अगदी वरच्या ओळींत हॅश आणि अ‍ॅट ही चिन्हं देऊन प्रकार आणि व्हेरिएबलचं नाव लिहायचं. फाईल, पूर्णांक, दशांश, हो-नाही, पर्यायांची यादी. किमान-कमाल मर्यादा देता येतात, स्लायडर मागता येतो, फोल्डरच हवं असं सांगता येतं, लेबल आणि माहितीची ओळ वेगळी देता येते. डायलॉग फिजी स्वतः बनवते आणि किंमत थेट त्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये येते. रांगेचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा मोठा फायदा: हाच मॅक्रो सर्व्हरवर खिडक्यांशिवाय चालवायचा असेल तर त्याच किंमती कमांडच्या ओळीतून देता येतात. डायलॉग-क्रिएटने बनवलेली चौकट तिथे चालत नाही, कारण दाखवायला पडदाच नाही. आमच्याकडे हजारो चित्रांची कामं रात्री क्लस्टरवर जातात, तिथे याशिवाय गत्यंतर नाही.

मर्यादाही सांगतो. हे प्रश्न मॅक्रोची पहिली ओळ चालण्याआधीच विचारले जातात. म्हणजे 'उघडलेल्या चित्रात तीन चॅनेल आहेत, त्यातला कोणता हवा?' असा प्रश्न यात येत नाही, कारण तोवर चित्र पाहिलेलंच नाही. तसं हवं असेल तर जुना डायलॉगच. मी बहुतेक वेळा दोन्ही वापरतो: फोल्डर आणि ठरीव गोष्टी वर पॅरामीटरने, चित्र पाहून विचारायचं ते आत डायलॉगने.

भिंगवाला

दूरदेशी, एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. स्क्रिप्ट पॅरामीटर मागच्या वेळची किंमत लक्षात ठेवतात. मॅक्रोत ०.५ डीफॉल्ट लिहिलंय, पण काल कुणी २ भरलं असेल तर आज चौकट २ घेऊनच उघडते. तुमच्याकडे प्रत्येकाचा वेगळा संगणक असेल. आपल्याकडच्या बहुतेक विभागांत एकच संगणक आणि त्यावर एकच लॉगिन. सकाळी एमएस्सीची मुलगी भुईमूग मोजते, दुपारी दुसरा मुलगा सोयाबीन. तिचा आकडा त्याच्या चौकटीत तसाच बसलेला असतो आणि त्याला वाटतं सरांनी ठरवून दिलेला आहे.

'परसिस्ट = फॉल्स' लिहून ते बंद करता येतं. मी असं वाटून घेतलंय: फोल्डरचा पत्ता लक्षात राहिला तर चांगलंच, रोजचं टिचकी मारणं वाचतं. ज्या आकड्यावर निकाल अवलंबून आहे, तो मात्र कधीच आठवणीतून येऊ द्यायचा नाही.

दूरदेशी

मान्य. सामाईक संगणकाचा विचार मी केला नव्हता. तुमची वाटणी बरोबर आहे, आमच्या मायक्रोस्कोपशेजारच्या संगणकावरही तीच लावायला हवी, तोही सगळेच वापरतात.

काठावरची

मी मॅक्रो लिहीत नाही, वापरते. पीएचडीचं दुसरं वर्ष. इथे सगळे लिहिणारे आहेत, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने थोडं सविस्तर लिहिते.

चौकट उघडते. त्यात सात-आठ आकडे आधीच भरलेले असतात. मला पहिल्यांदा वाटतं ते हे, की हे आकडे कुणीतरी विचार करून ठरवले आहेत आणि मी बदलले तर काहीतरी बिघडेल. म्हणून मी ओके दाबते. माझ्या शेजारच्या टेबलावरचे सगळे असंच करतात. भरलेला रकाना हा प्रश्न वाटतच नाही, उत्तर वाटतो. पानवेल ताईंच्या त्या विद्यार्थ्याने १४० का बदललं नाही, हे मला अगदी कळतं.

दुसरं, प्रश्न कुणाच्या भाषेत आहे. 'सर्क्युलॅरिटी ०.००–१.००' असं लिहिलेलं मी वर्षभर पाहत होते. क्षेत्रफळाला चार पायने गुणून परिमितीच्या वर्गाने भागलं की ती येते आणि पूर्ण वर्तुळाला १ असते, हे मला फार नंतर कळलं. कुणी मला 'लांबट ओरखडे वगळायचे का?' असं विचारलं असतं तर मी लगेच उत्तर दिलं असतं, कारण पान माझ्या हातात होतं, ओरखडे मला दिसत होते. मला माझ्या नमुन्याबद्दल विचारा. सॉफ्टवेअरबद्दल विचारलंत तर मी अंदाज करणार.

तिसरं, चित्र आणि प्रश्न एकाच वेळी दिसले पाहिजेत. चौकट उघडली की मागचं चित्र मोठं करता येत नाही, पिक्सेलवर बाण नेऊन किंमत पाहता येत नाही, काहीच हलत नाही. आणि नेमकं तेव्हाच मला थ्रेशोल्डचा (किती गडद पिक्सेल ठिपक्यात धरायचे त्या मर्यादेचा) आकडा विचारलेला असतो. मग रद्द करायचं, चित्र पाहायचं, कागदावर आकडा लिहायचा, मॅक्रो पुन्हा सुरू करायचा. दहाव्या चित्रानंतर कुणीही पाहणं सोडून देतं.

चौथं, चौकटीत एक ओळ हवी: या मॅक्रोला काय दिलं की काय मिळतं. 'स्कॅन केलेल्या पानांचं फोल्डर द्या, प्रत्येक पानाचं क्षेत्रफळ आणि ठिपक्यांची संख्या मिळेल. मूळ फाईल बदलत नाही.' हे शेवटचं वाक्य मला फार धीर देतं. मूळ स्कॅन बिघडेल या भीतीने मी कितीदा आधी सगळं फोल्डर कॉपी केलं आहे.

पानवेल

काठावरची, हा प्रतिसाद मी विभागात छापून लावणार आहे. 'भरलेला रकाना हा प्रश्न वाटत नाही, उत्तर वाटतो.' इतकी वर्षं डीफॉल्ट देणं म्हणजे मदत करणं, असंच मी धरून चालले होते.

सप्तपर्णी

चित्र पाहताना विचारायचं असेल तर वेट-फॉर-यूझर आहे. ती चौकट बाकीच्या खिडक्या अडवत नाही. मॅक्रो थांबून राहतो, तोवर माणूस चित्र मोठं करू शकतो, सिलेक्शन काढू शकतो, थ्रेशोल्डचा पट्टा सरकवू शकतो. ओके म्हटलं की मॅक्रो पुढे जातो. शिवाय नव्या आवृत्त्यांत डायलॉग-क्रिएट-नॉन-ब्लॉकिंग आहे, त्यात नेहमीचे रकाने असूनही चित्र हाताळता येतं.

पण वेट-फॉर-यूझर नंतर तपासणी हवीच. 'पानाभोवती चौकोन काढा आणि ओके म्हणा' असं लिहिलं की निम्मे लोक चौकोन न काढताच ओके म्हणतात. सिलेक्शन-टाइप विचारलं आणि उणे एक आलं, तर सिलेक्शन नाही. गेट-थ्रेशोल्डने खालची मर्यादा उणे एक दिली, तर थ्रेशोल्ड लावलेलाच नाही. अशा वेळी मॅक्रो बंद करू नका, पुन्हा विचारा. व्हाईल लूपमध्ये घाला, सिलेक्शन मिळेपर्यंत तीच चौकट पुन्हा येऊ दे, फक्त मजकूर बदला: 'अजून चौकोन दिसत नाही. डावीकडचं पहिलं साधन निवडा आणि पानाभोवती ओढा.' काय चुकलं यापेक्षा आता काय करायचं, ते लिहायचं.

थ्रेशोल्डबद्दल थोडं वेगळं. हाताने ठरवलेला थ्रेशोल्ड प्रत्येक चित्राला वेगळा पडला की मोजमाप माणसावर अवलंबून राहतं. सकाळी एक, संध्याकाळी दमल्यावर दुसरं. म्हणून आम्ही प्रत्येक चित्रावर तो विचारत नाही. इमेजजेत स्वयंचलित पद्धती आहेत: ओत्सू, ली, ट्रँगल, येन, हुआंग वगैरे. गेट-लिस्टला 'थ्रेशोल्ड मेथड्स' म्हटलं की सगळ्यांची यादी मिळते, ती थेट ड्रॉपडाउनला द्या, हाताने नावं टंकू नका, स्पेलिंगची चूक होते. सुरुवातीला पाच-सहा पानं निवडून त्यांवर पद्धती लावून बघायच्या, एक ठरवायची, ती सगळ्या प्रयोगाला कायम. त्यानंतर डायलॉगमध्ये तो प्रश्न ठेवायचाच नाही.

हिस्टोग्राम

सगळं वाचलं. माझे काही अनुभव, जसे आठवतील तसे.

प्रश्न सगळे सुरुवातीला विचारा. दोनशे चित्रांच्या लूपच्या आत डायलॉग टाकला की माणूस खुर्चीला बांधला जातो. वाईट म्हणजे तो चहाला गेला की १७ व्या चित्रावर चौकट उघडी राहते आणि संध्याकाळी परत आल्यावर काम तिथेच. लक्षात ठेवा, सेट-बॅच-मोडने चित्रं लपतात, डायलॉग लपत नाहीत.

उत्तरं मिळाली की काम सुरू करण्याआधी तपासा. किमान आकार कमाल आकारापेक्षा मोठा तर नाही? निकालाचं फोल्डर आणि चित्रांचं फोल्डर एकच तर नाही? एकच असेल आणि मॅक्रो निकालाची चित्रंही टिफमध्येच ठेवत असेल, तर दुसऱ्यांदा चालवल्यावर तो स्वतःचीच चित्रं मोजायला घेतो. आमच्याकडे एकदा नमुन्यांची संख्या दुप्पट झाली ती अशी.

रद्दचं बटण. इमेजजे मॅक्रोत डायलॉग-शो वर माणसाने कॅन्सल म्हटलं की मॅक्रो तिथेच संपतो, आपल्याला काही करावं लागत नाही. त्यामुळे त्या आधी काही उघडलं किंवा बदललं असेल तर ते तसंच अर्धवट राहतं. म्हणून डायलॉग आधी, बाकी सगळं नंतर. जायथॉनमध्ये (जावावर चालणाऱ्या पायथॉनमध्ये) जेनेरिक-डायलॉग वापरणाऱ्यांनी मात्र सावध राहा. तिथे वॉज-कॅन्सल्ड आपणच तपासायचं. विसरलात तर कॅन्सल दाबूनही स्क्रिप्ट डीफॉल्ट किंमती घेऊन पुढे जाते. माणूस 'नको' म्हणतोय आणि स्क्रिप्ट ते ऐकत नाही, हे मला फार खटकतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दिलेली उत्तरं निकालाबरोबर जतन करा. लॉग खिडकी बंद केली की गेली. निकालाच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल: तारीख, वेळ, इमेजजेची आवृत्ती, मॅक्रोची आवृत्ती, प्रत्येक रकान्याचं नाव, किंमत, एकक. शिवाय स्कॅनची पिक्सेल-रुंदी. पानवेल ताई, तुमच्या तक्त्यात प्रत्येक पानासमोर पिक्सेलची रुंदी असा एक रकाना असता, तर ०.०८५ आणि ०.०४२ शेजारी शेजारी दिसले असते आणि तीन आठवडे लागले नसते.

पानवेल

खरं आहे. तो रकाना मी आजच घातला.

बांधावरचा

मधेच एक विचारतो. लेबलं मराठीत ठेवली तर? आमच्या कृषी विज्ञान केंद्रात येणारे मदतनीस इंग्रजी लेबलं वाचून थबकतात.

भिंगवाला

ठेवता येतात. मॅक्रोची फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. पण वापरायच्या त्याच संगणकावर आधी दाखवून बघा. आमच्या एका जुन्या संगणकावर देवनागरीच्या जागी चौकोन आले होते, फॉन्ट नव्हता. आणि आकडे इंग्रजी अंकांतच टाकायला सांगा. जावा दशांश संख्या वाचताना देवनागरी अंक ओळखत नाही.

काठावरची

माझं मत: वाक्यं मराठीत, संज्ञा जशा आहेत तशा. 'थ्रेशोल्ड' ला 'उंबरठा' म्हटलं तर मला मेनूत ते सापडणार नाही. 'खूप लहान ठिपके वगळायचे: किमान क्षेत्रफळ ... चौ. मिमी' हे वाचून मात्र कुणालाही कळेल.

सप्तपर्णी

यात एक बारीक गोष्ट जोडते. लेबलमध्ये अंडरस्कोर टाकला तर डायलॉगमध्ये तो मोकळी जागा म्हणून दिसतो. प्लगइन लिहिणाऱ्यांसाठी हे उपयोगी आहे, कारण रेकॉर्डर (आपल्या कृती टिपून त्यांचा मॅक्रो लिहिणारं साधन) लेबलचा पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचा भाग किल्ली म्हणून घेतो. दोन रकान्यांची लेबलं 'किमान आकार' आणि 'किमान वर्तुळाकारता' अशी असतील तर दोघांची किल्ली एकच होते आणि रेकॉर्ड केलेला मॅक्रो चुकीची किंमत उचलतो. पहिला शब्द वेगळा ठेवा किंवा अंडरस्कोरने जोडा. पानवेल ताईंच्या साध्या मॅक्रोला याची गरज नाही, पण पुढे कुणी त्याचं प्लगइन केलं तर लागेल.

पानवेल

दहा दिवसांनी परत आले आहे. नवा डायलॉग झाला, सांगते.

अकरावरून चार रकान्यांवर आले. चित्रांचं फोल्डर, निकालाचं फोल्डर, 'यापेक्षा लहान ठिपके मोजू नका' (चौरस मिलिमीटर) आणि 'लांबट ओरखडे वगळायचे' ही टिक. वर काठावरचीने सुचवलेली ओळ, मूळ फाईल बदलत नाही हे धरून. बाकीचे सात प्रश्न मी एका बाजूला काढून विचार केला: याचं उत्तर विद्यार्थ्याला पान पाहून देता येईल का? सहांचं उत्तर 'नाही' होतं. ते मॅक्रोच्या सुरुवातीला ठरीव किंमती म्हणून लिहिले, प्रत्येकापुढे कारणासहित. सातवा होता डीपीआय. तो फाईलमध्येच आहे, माणसाला विचारायची गरज नव्हती.

लहान ठिपक्यांच्या रकान्यात मी मुद्दाम शून्य ठेवलं आहे आणि शून्य असेल तर मॅक्रो पुढे जात नाही. विद्यार्थ्याला काहीतरी भरावंच लागतं. खाली मदतीचं बटण आहे, ते दाबलं की १ चौरस मिलिमीटर आणि पाव चौरस मिलिमीटर म्हणजे पानावर केवढं, ते समजावणारी माहिती उघडते. डायलॉग-अ‍ॅड-हेल्पला मजकूर देता येतो हे मला आत्ता कळलं.

ओके म्हटलं की लगेच मोजणी सुरू होत नाही. पहिलं पान उघडतं, जे ठिपके मोजले जाणार त्यांच्या कडा रंगवून दाखवल्या जातात आणि गेट-बुलियनने विचारलं जातं: 'हेच ठिपके मोजायचे का?' नाही म्हटलं तर परत डायलॉग, भरलेल्या किंमतींसह.

तो बदल सगळ्यांत उपयोगी पडला. दोन विद्यार्थ्यांना बसवलं आणि मी मागे गप्प उभी राहिले. दोघांनीही पहिल्यांदा ओके दाबलं, रंगवलेलं पान पाहिलं आणि 'अरे, ही तर माती आहे' म्हणत परत गेले. एकाने तर पानाच्या देठाजवळचा भाग बोटाने दाखवून विचारलं, मॅडम, हा ठिपका आहे की करपलेली कड? दोन वर्षांत पहिल्यांदा मॅक्रो चालवताना आमच्यात रोगाबद्दल बोलणं झालं.

काठावरची

वाचून फार बरं वाटलं. एकच शंका. डीपीआय फाईलमधून घेता, पण फाईल फोनवरून आली तर? आमच्याकडे शेतातून पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. ते तिथेच लहान होतात आणि फोटोत डीपीआयला काही अर्थही नसतो.

हिस्टोग्राम

बरोबर शंका. कॅमेरा किती अंतरावर होता यावर पिक्सेलचा आकार ठरतो, त्यामुळे फोटोत डीपीआय असला तरी तो वापरू नये.

पानवेल

हे मी धरलं नव्हतं. असं करते: गेट-पिक्सेल-साइझने एकक पिक्सेल दिलं, तरच एक जादा पायरी. वेट-फॉर-यूझर: 'पानाशेजारच्या पट्टीवर ५० मिलिमीटरची सरळ रेघ ओढा.' रेघ नसेल तर पुन्हा विचारायचं, असेल तर तिच्या लांबीवरून मोजपट्टी लावायची. स्कॅन असेल तर ही चौकट दिसणारच नाही. आणि पट्टीशिवाय आलेला फोटो असेल तर मॅक्रो क्षेत्रफळ देणार नाही, फक्त पानाचे किती टक्के ठिपक्यांनी व्यापले ते देईल, कारण टक्केवारीला मोजपट्टी लागत नाही.

उद्या शेतावर जाणाऱ्या मुलांच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या टाकते.